अडतीसचं हँडल

रविवारी दुपारी कापड बेतायच्या टेबलावरून वहिनीचं सगळं सामान हटवण्यात आलं. ते कुणी हटवलं हे विचारण्यात अर्थ नव्हता, कारण चौघांनी एकेक वस्तू उचलून भलत्याच जागी ठेवली होती. कात्री फ्रिजवर होती. खडू सापडतच नव्हते. अर्धवट बेतलेला एका गिऱ्हाइकाचा कोट खुर्चीच्या पाठीवर एक बाही टाकून बसला होता. आणि टेबलाच्या मधोमध, जुन्या चादरीवर, ती सायकलीची फ्रेम पडली होती.

चाळीस वर्षं ती जिन्यातल्या खुंटीवर होती. मोरपंखी रंगाची, पोपडे उडालेली, अप्पांनी एकविसाव्या वर्षी स्वतःच्या हातांनी नळ्या जोडून केलेली. तिच्यावर बसून अप्पा तीन शर्यती जिंकले, चौथीत गटारात गेले आणि त्याच महिन्यात त्यांनी लग्न केलं. या घटनांचा एकमेकींशी काय संबंध, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही. पुढे तिचा उपयोग छत्र्या अडकवायला होऊ लागला. मागच्या महिन्यात जिना रंगवायला काढला तेव्हा अप्पांनी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, कुणालाही हात लावू न देता ती खाली उतरवली आणि म्हणाले, "या वर्षी जुन्या सायकलींच्या फेरीला ही रस्त्यावर पाहिजे."

त्या दिवसापासून घरातल्या कुणाचेही पाय जमिनीवर नव्हते.

फेरी साठ किलोमीटरची. सायकल चाळीस वर्षांहून जुनी हवी आणि एका सायकलीवर एकच माणूस, अदलाबदल चालत नाही. त्या माणसाचं नाव आज संध्याकाळी सहाच्या आत कळवायचं होतं. फॉर्म टेबलाच्या कोपऱ्यावर, अप्पांच्या चष्म्याच्या डबीखाली पडला होता आणि नावाची जागा कोरी होती. जो तो त्या कोऱ्या जागेकडे बघायचा आणि बघितलं नाही असं दाखवायचा.

अप्पांच्या वर्कशॉपात पन्नास वर्षं एक शिस्त होती. पाना हातात घ्यायच्या आधी मांडणी. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यापासून बेअरिंगच्या शेवटच्या छर्ऱ्यापर्यंत प्रत्येक भाग, ज्या क्रमाने सायकलीवर चढणार त्याच क्रमाने चादरीवर मांडायचा. मग एक कप चहा होईस्तोवर त्याच्याकडे नुसतं बघत बसायचं. चहा संपल्यावरही मन राजी असेल तर जोडायला घ्यायचं. मांडणीत चूक दिसते, जोडणीत ती लपते, असं त्यांचं म्हणणं होतं. या खेपेला त्यांनी प्रत्येकाला एकेक ट्रे दिला होता. "आपापल्या पसंतीचे भाग आणा," ते म्हणाले होते, "पण भागांचं बोला. बसणार कोण, ते नंतर."

यावर सगळे एकाएकी इतके उदार झाले की वहिनीला तिथेच संशय आला.

"कोणीही बसो," असं मास्तर म्हणाले. मास्तर म्हणजे अप्पांचा थोरला, वहिनीचा नवरा, शाळेत भूमिती शिकवणारा. "सायकल नीट झाली म्हणजे झालं."

"माझा तर प्रश्नच नाही," असं ताईने सांगितलं. ताई तिघा भावंडांत सगळ्यात मोठी. ती तीस वर्षं ट्रॅम चालवत होती आणि घरातही वळणावर घंटा दिल्यासारखी खाकरून मगच खोलीत शिरायची. "माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत."

धाकटा दाताचा डॉक्टर. त्याने नुसते आपले दात दाखवले. वहिनीची मुलगी, उंचीने पावणेसहा फूट असल्यामुळे जिला सगळे चिमणी म्हणत, ती म्युझियममध्ये जुनी भांडी जोडायच्या कामावर होती. ती म्हणाली की तिला फक्त इतिहासाची काळजी आहे.

वहिनीला ती सायकल हवी होती. हे सरळ सांगून टाकलेलं बरं, कारण ती स्वतः कुणाला सांगणार नव्हती. तेहतीस वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हा सायकल चालवणं तिला येत होतं, पण तेव्हा कुणी विचारलं नाही आणि नंतर विचारायचं राहूनच गेलं. गेले पाच महिने मात्र दर गुरुवारी, तिचं शिलाईचं दुकान बंद असलं की, ती शिवणाचे दोरे आणायला म्हणून बाहेर पडायची आणि तळ्याकाठी भाड्याची सायकल घेऊन तासभर चकरा मारायची. खोटं अंगावर येऊ नये म्हणून परत येताना खरोखरच दोरे आणायची. घरात आता रिळांचे तीन डबे भरले होते आणि चौथा अर्ध्यावर आला होता. पिवळी रिळं तर इतकी झाली होती की सगळ्या गावाला पिवळे कपडे घातले असते तरी उरली असती.

तिला ट्रे दिलेला नव्हता. द्यायला नको असं कुणी ठरवलं नव्हतं. चार ट्रे होते, ते चार जणांना मिळाले आणि पाचव्याची आठवण कुणाला झाली नाही. वहिनीनेही आठवण करून दिली नाही. टेबल तिचं होतं, चहा ती करणार होती, आणि मागायची सवय नसलेल्या माणसाला एवढ्यात आपला वाटा आला असं वाटतं.

"माझ्यापासून सुरू करू," डॉक्टर म्हणाला आणि त्याने ट्रेवरचा रुमाल उचलला.

ट्रेमधली प्रत्येक वस्तू लखलखत होती. त्याने ती दवाखान्यातल्या पॉलिशने चकाकवली होती. ब्रेकमध्ये तोंड पाहून भांग पाडता आला असता.

"काका, या ब्रेकचा जन्म फ्रेमनंतर अकरा वर्षांनी झालाय," चिमणी म्हणाली.

"पण थांबतात ना."

"म्युझियममध्ये आपण फुटक्या रांजणाला स्टीलचं तोंड लावत नाही."

"रांजण उतारावरून जात नाही, बाळा."

मास्तरांच्या ट्रेत भागांपेक्षा कागद जास्त होते. त्यांनी हँडल आणि फ्रेम जोडणाऱ्या दांड्याचे, म्हणजे स्टेमचे, सहा कोन काढून आणले होते आणि शेवटी तेरा सेंटिमीटर लांबीचा स्टेम निवडला होता. का, तर वाऱ्याचा विरोध. ताईच्या ट्रेत बसक्या हँडलऐवजी उंच, मागे वळलेलं हँडल होतं, स्प्रिंगवाली ऐसपैस सीट होती, आणि मागच्या चाकाचा सगळ्यात मोठा दातेरी गिअर चांगला ताटाएवढा होता.

"ही शर्यतीची सायकल आहे ताई," डॉक्टर म्हणाला, "सोफा नाही."

"तू गप रे. माणसाला समोरचं दिसायला नको? मी रोज चारशे माणसं घेऊन जाते, मान खाली घालून जात नाही."

"ताईचं अगदीच चूक नाही," मास्तर म्हणाले. ताईने त्यांच्या कोनांना आधी मान डोलावली होती, हे ते विसरले नव्हते.

"म्हणजे तुम्ही दोघं एक झालात," डॉक्टर म्हणाला आणि लगेच चिमणीकडे सरकला. "चिमणे, ते रांजणाचं मला पटलं. जरा परत सांग."

चिमणीने मात्र आपला ट्रे असा उघडला, की जणू आत मुकुट आहे. सगळे भाग फ्रेमच्याच वर्षातले होते, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर साल. क्रँकची जोडी, म्हणजे पायडलच्या दोन दांड्या, तिने सात आठवडे शोधून कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानातून मिळवली होती.

अप्पा खुर्चीत बसून सगळं बघत होते. ते एवढंच म्हणाले, "चहा."

वहिनी स्वयंपाकघरात गेली आणि पाण्याला उकळी येण्याआधीच डॉक्टर मागोमाग आला.

"वहिनी, अप्पा तुमचं ऐकतात," तो हळूच म्हणाला. "नुसतं म्हणा, की ब्रेक चांगले हवेत. एवढंच. आणि तुमची ती उजवीकडची दाढ, तिचं मी उद्याच बघतो."

"तुम्ही तर महिनाभर वेळ नाही म्हणत होतात, भाऊजी."

"तुमच्यासाठी वेळ काढायचा नाही तर कुणासाठी?"

तो गेला आणि बाहेर खाकरल्याचा आवाज आला. ताईने आत येऊन दार लोटून घेतलं. "अगं, तो काय म्हणत होता ते मला नको सांगू. मी एवढंच म्हणते, की तू माझ्या बाजूने बोललीस तर येत्या शनिवारी तुला डेपोपर्यंत पुढे बसवून नेते. आणि घंटा तू वाजवायची."

वहिनीला ट्रॅमची घंटा वाजवायची फार हौस होती. ताईला हे माहीत असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिने पटकन कपांकडे तोंड वळवलं, कारण तिला हसू आवरेना.

मास्तर साखर शोधायच्या निमित्ताने आले. साखर समोरच होती. "हे बघ," ते म्हणाले, "वर्षभर भांडी मी घासतो."

"अहो, तुम्ही एकदा घासली होतीत. मी परत घासली."

"सहा महिने, आणि तुझ्या देखरेखीखाली."

शेवटी चिमणी आली आणि तिने आईच्या गळ्यात हातच टाकले. "आई, मी तुझ्याच बाजूने आहे हं."

"माझी कुठली बाजू?"

"म्हणजे तू माझ्या बाजूने आहेस, म्हणून."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली ती जरा रागातच. राग नेमका कशाचा ते तिला सांगता आलं नसतं. एका दुपारीत आपल्याला दाढ, घंटा, भांडी आणि मिठी एवढं सगळं देऊ केलं गेलं, आणि ज्याच्यासाठी जीव तळमळतोय ते तेवढं कुणाच्या डोक्यातही आलं नाही, एवढं तिला कळत होतं. तिने चहा ठेवला, गळ्यातली टेप काढली आणि पहिल्यांदा त्या चार ट्रेंकडे शिवणारी बाई बघते तसं नीट बघितलं.

आणि तिला दिसलं. एकदा दिसल्यावर ती थांबली नाही.

"चव्वेचाळीस," डॉक्टरच्या हँडलवर टेप ठेवून ती म्हणाली. "भाऊजी, तुमच्या कोटाचा खांदा चव्वेचाळीस आहे. मी मागच्या वर्षी शिवलाय."

डॉक्टरचे दात एकदम मिटले.

"आणि अहो, तुमचा तेरा सेंटिमीटरचा वारा. तुमच्या सगळ्या शर्टांना मला पाठीत तीन बोटं जास्त सोडावी लागतात. एवढं लांब धड या घरात दुसऱ्या कुणाचं नाही. ताई, तुमच्या सीटबद्दल मी काही बोलत नाही."

"बोलूच नकोस," ताई म्हणाली.

"चिमणे, या दांड्या एकशे पंचाहत्तर मिलिमीटरच्या. त्या वर्षी एवढ्या लांब किती निघाल्या असतील?"

चिमणी खाली बघून म्हणाली, "शंभरात एखादी."

"आणि तुला शोधून शोधून तीच सापडली. तुझ्या पँटीची आतली लांबी शहाऐंशी आहे, ते इतिहासाला कसं कळलं?"

मग ताई हसायला लागली. ताईचं हसणं सुरू व्हायला वेळ लागतो आणि थांबायला त्याहून जास्त. तिचं पाहून डॉक्टरला हसू फुटलं, चिमणी तर चादरीवरच आडवी झाली आणि दोन छर्रे गडगडत कपाटाखाली गेले. मास्तर तेवढे गंभीर होते. ते म्हणाले, "वाऱ्याचा विरोध मात्र खरा आहे." त्यावर पुन्हा हशा झाला.

"म्हणजे चौघांनाही बसायचंय," डोळे पुसत ताई म्हणाली. "सरळ बोलायला काय होत होतं? मला बसायचंय. गुडघे गेले खड्ड्यात."

"मलाही," डॉक्टर म्हणाला.

"मीच थोरला," मास्तर म्हणाले.

"थोरली मी आहे रे."

वहिनी टेप गुंडाळत उभी होती. मलाही, असं म्हणायला याहून सोपी वेळ आली नसती. शब्द जिभेवर आलासुद्धा. पण तेवढ्यात तिला दिसलं, की अप्पांचा चहा गार होतोय, आणि ती कप बदलायला वळली.

"राहू दे चहा," अप्पा म्हणाले. "माझी मांडणी बघा आता."

खुर्चीखालून त्यांनी एक मोठा खोका काढला. चौघांचे ट्रे बाजूला करून, चादर झटकून, ते एकेक भाग ठेवू लागले. प्रत्येक वस्तू जागच्या जागी पडत होती. आधी चिमट्याच्या वाट्या, मग स्टेम. अगदी आखूड, आठ सेंटिमीटरचा. मग हँडल. अरुंद आणि सुबक, त्याची वाकलेली टोकं फार खाली न जाणारी. ब्रेकच्या मुठी लहान. क्रँक एकशे पासष्टच्या. सीट कातड्याची, नीट तेल पाजलेली, मागे जराशी रुंद. चाकं आणि चेन दाराआड तयार होती. सगळ्या गोष्टी जुन्या होत्या, साफ होत्या, आणि एकाच्या शेजारी एक अशा बसल्या की जणू त्यांचं आधीपासूनच सूत जमलेलं असावं.

चिमणीने एकेक भाग उलटून साल बघितलं. "तीन भाग वेगळ्या वर्षांचे आहेत," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "पण छान दिसतंय."

"हे कुणाचं माप?" डॉक्टरने हँडल खांद्यांसमोर धरलं. त्याच्या छातीवर ते लहान मुलाच्या खेळण्यासारखं दिसत होतं.

"अप्पा, तुम्ही स्वतः तर चालवणार नाही ना?" ताईने घाबरून विचारलं.

"मला डॉक्टरांनी जिना उतरायला बंदी केली आहे."

"मी केलेली नाही," डॉक्टर म्हणाला.

"तू दाताचा."

मग सगळे वहिनीकडे वळले, कारण घरातल्या मापांचा प्रश्न आला की तिच्याकडेच वळायचं असतं. तिच्या वहीत तीन पिढ्यांची मापं होती, वारलेल्यांचीही, आणि वही उघडायचीसुद्धा तिला गरज पडायची नाही. तिने हँडलवर टेप लावली.

"अडतीस," ती म्हणाली आणि डोळे मिटून मनातल्या मनात पानं उलटू लागली. "अप्पा नाहीत, अप्पांचा खांदा चाळीस. सासूबाई पस्तीस. ताई, तुम्ही एकेचाळीस. चिमणी बेचाळीस."

"लहान आत्याबाई?" मास्तरांनी विचारलं.

"सदतीस, पण हात लांब. त्यांना हा स्टेम पुरला नसता." तिने डोळे उघडले. "नाही. हे माप माझ्या वहीत नाही. अप्पा, हे घरातलं कुणी नाहीच. तुम्ही बाहेरच्या कुणाला तर सायकल देणार नाही ना?"

तिच्या आवाजात काहीतरी फाटलं. बाहेरच्या माणसाला गेली तर मग तळ्याकाठच्या चकरा, एवढे दोरे, सगळं संपलंच, असं तिला वाटून गेलं. अप्पा तिच्याकडे बघत होते आणि त्यांच्या मिशीचं एक टोक हलत होतं.

चिमणीला आधी कळलं. तिने डॉक्टरच्या हातातून हँडल घेतलं, आईच्या मागे गेली आणि ते तिच्या खांद्यांना टेकवलं. एक टोक इकडच्या हाडावर, दुसरं टोक तिकडच्या हाडावर. मिलिमीटरचाही फरक नव्हता.

"आई," ती म्हणाली, "तुझं स्वतःचं माप किती आहे?"

वहिनीचा हात सवयीने वहीकडे गेला. तिला माहीत नव्हतं. तेहतीस वर्षांत तिने स्वतःचं माप कधी घेतलंच नव्हतं. नवा कपडा लागला की जुना उसवायचा, त्याच्यावरूनच बेतायचा, आणि गिऱ्हाइकाचं काम पुढे घ्यायचं. वहीत तिच्या नावाचं पानच नव्हतं.

"वहिनी?" डॉक्टर म्हणाला. "पण वहिनींना सायकल येते कुठे?"

"साठ किलोमीटर आहे," ताई म्हणाली. "मध्ये ट्रॅमचे रूळ आहेत. रुळात चाक गेलं तर काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय."

"सूनबाईला येते," अप्पा म्हणाले. "पाच महिने झाले, दर गुरुवारी पँटीच्या उजव्या पायावर, आतल्या बाजूला, चेनचं काळं घेऊन येते. शिवणाच्या दोऱ्याला ग्रीस लागतं का? आधी डाग घोट्यापाशी असायचा, वेडावाकडा. आता असतो तो एका रेषेत. पाय सरळ पडायला लागलाय तिचा."

मास्तरांनी सावकाश मान वळवून कपाटावरच्या डब्यांकडे पाहिलं.

"म्हणजे ती रिळं," ते म्हणाले.

"हो," वहिनी म्हणाली. तिचे कान तापले होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही शिकवायला बसला असतात."

मास्तरांनी यावर विचार केला. "बसलो असतो," ते म्हणाले, आणि हे इतकं प्रामाणिकपणे म्हणाले की ताईला पुन्हा हसू आलं.

"पण माझं माप तुम्हाला कसं कळलं, अप्पा?" वहिनीने विचारलं. "तुम्ही तर टेपही लावली नाहीत."

"पन्नास वर्षं माणसं दारातून आत यायची आणि काऊंटरपर्यंत पोचायच्या आत मी त्यांची सायकल डोळ्यांत मांडलेली असायची. तू तर तेहतीस वर्षं समोर बसून शिवतेस." अप्पांनी फॉर्मवरची चष्म्याची डबी उचलली आणि पेन त्याच्या शेजारी ठेवलं. "पण एक सांगतो. मी भाग निवडले. माणूस मी निवडत नाही. या चौघांनी तोंडाने मागितलंय. तुला हवी असेल तर तूही माग. मागितल्याशिवाय मी कुणाला काही देणार नाही, आणि नाही मागितलीस तर चिठ्ठ्या टाकून यांच्यातल्या एकाला देईन."

पावणेपाच वाजले होते. वहिनीने एकेकाकडे बघितलं. चौघांच्याही चेहऱ्यावर अजून आशा होती, ती लपतही नव्हती. त्यात नवराही होता आणि लेकही. तिच्या तोंडून सवयीने निघालं, "तसं काही नाही हो. ताईंची किती इच्छा आहे. मी काय, पुढच्या वर्षी."

अप्पांनी खिशातून कागद काढला आणि त्याचे चार तुकडे करू लागले.

पहिला तुकडा फाटला, दुसरा फाटला. तो आवाज वहिनीला फार चांगला ओळखीचा होता. कापड चुकीच्या जागी कापलं गेलं की असाच आवाज येतो, आणि मग काहीही केलं तरी ते पुन्हा जुळत नाही.

"थांबा," ती म्हणाली. "मला हवी आहे."

आवाज जरा मोठाच निघाला. मग तिला वाटलं, आता निघालाच आहे तर निघू दे. "ताईंची इच्छा आहे, भाऊजींची आहे, सगळ्यांची आहे, ते मला ठाऊक आहे. तरीही मला हवी आहे. पुढच्या वर्षी नाही, याच वर्षी. मला ती फार म्हणजे फार हवी आहे, अप्पा. रात्री झोपेत माझे पाय हलतात."

"हलतात," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, अशक्तपणा असेल."

ताई खाकरली. वळणावरची घंटा. "हे बघ," ती वहिनीला म्हणाली, "तू आजवर या घरात माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. साधं मीठसुद्धा. घे. पण रूळ आडवे, काटकोनात ओलांडायचे. तिरपे गेलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

"काटकोन मी शिकवतो," मास्तर म्हणाले आणि लगेच म्हणाले, "नाही शिकवत."

अप्पांनी कागदाचे तुकडे खिशात टाकले आणि पाना चिमणीच्या हातात दिला.

त्यानंतर जे झालं त्याला काम म्हणायचं की दंगा, हे ठरवणं कठीण आहे. ताईने बाह्या सारून ग्रीसच्या डब्यात हात घातला आणि वाट्यांमध्ये छर्रे बसवले. दोन कमी पडले, तेव्हा मास्तर कपाटाखाली पालथे झाले. डॉक्टरने दवाखान्याच्या पिशवीतून तो लांब दांडीचा छोटा आरसा काढला आणि फ्रेमच्या नळीत आत गंज आहे का ते बघितलं. "जरा किडलंय, पण भरायची गरज नाही," असं त्याने पेशंटला सांगावं तसं सांगितलं. मग एका गोष्टीसाठी तो वहिनीपुढे हात जोडून उभा राहिला. ब्रेकच्या मुठी अप्पांच्याच, पण चाकाला धरणारे ब्रेक त्याचे लावायचे. चिमणीने तोंड वाकडं केलं, पण आई उतारावरून येतेय असं चित्र तिच्या डोळ्यांसमोर आलं असावं. तिने स्वतःच ते ब्रेक बसवले आणि त्यांना चिठ्ठी बांधली, 'उशिरा जन्मलेले'.

सीटची उंची ठरवायला वहिनीचं माप घ्यायचं होतं. तिच्याच गळ्यातली टेप काढून तिला भिंतीला टेकवून उभं केलं. टेपचं वरचं टोक मास्तरांनी धरलं, खालचं लेकीने. ताईने आकडे वहीत लिहिले. आपल्याभोवती टेप फिरते तेव्हा कसं वाटतं, हे वहिनीला पहिल्यांदा कळलं. गुदगुल्या होत होत्या. ती इतकी हसत होती की आतली लांबी तीनदा मोजावी लागली.

सहाला सात मिनिटं असताना फॉर्मवर नाव लिहून, फोनवरून कळवून झालं आणि सायकल रस्त्यावर आली.

वहिनी बसली. ती पायडलवर पाय ठेवते न ठेवते तोच सायकल निघाली. भाड्याच्या सायकलीला दर वेळी समजूत घालावी लागायची, हिला काही सांगावंच लागत नव्हतं. हात जिथे जायचे तिथे हँडल होतं. पाय जिथे संपायचा तिथेच पायडलचा फेरा संपत होता. आयुष्यभर दुसऱ्यांना अंगासरशी कपडे करून दिले, पण आपल्या अंगासरशी काही असलं म्हणजे असं असतं होय, असं तिला वाटलं आणि कोपऱ्यावर ती एकटीच मोठ्याने हसली. बेकरीच्या दारातला माणूसही काही कारण नसताना हसला.

चौक, शाळेची भिंत, खाली उतार, पुन्हा चढ. उतारावर उशिरा जन्मलेल्या ब्रेकनी आपलं काम चोख केलं. चढावर तिला दम लागला आणि तिने तो लागू दिला. रुळांशी आल्यावर ती अशी काटकोनात वळली, की मागून येणाऱ्या ट्रॅमवाल्याने उगीचच घंटा दिली.

ती परत आली तेव्हा सगळे दारासमोर रांगेत उभे होते. अप्पांसाठी खुर्ची बाहेर आणली होती. ते डोळे मिटून फक्त चेनचा आवाज ऐकत होते. वहिनीने ब्रेक दाबले, एक पाय खाली टेकवला. केस विस्कटलेले, गाल लाल, आणि उजव्या पायावर काळी रेघ.

"कशी आहे?" डॉक्टरने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हात पुढे केला. "मला एक चक्कर. फक्त कोपऱ्यापर्यंत."

"आधी मी," ताई म्हणाली. "मी हक्क सोडला तिच्यासाठी."

"आई, सीट वर घ्यायला दोन मिनिटं लागतात. तू तोवर चहा टाक ना."

मास्तरही पाना घेऊन उभे होते.

चारी हात एकदम हँडलपाशी आले. वहिनीची बोटं सैल झाली. तेहतीस वर्षांत असे हात पुढे आले की तिची बोटं आपोआपच सैल होत आली होती. मग तिने त्या बोटांकडे बघितलं आणि ती एकेक करून पुन्हा हँडलवर आवळली.

"नाही," ती म्हणाली. "अजून माझं झालेलं नाही."

आणि पायडलवर पाय देऊन ती निघाली.